शाखा नाही, फक्त ॲप: मालाचे पैसे ठेवण्याआधी चार प्रश्न

तालुक्याला चकरा नकोत, रांग नको, म्हणून फक्त मोबाइलवर चालणारं खातं अनेकांना हवंय. सोय चांगलीच आहे. पण सोयाबीनचे पैसे त्यात घेण्याआधी एवढं बघा:

१) मागे बँक कोणती? ॲप म्हणजे नुसतं दार. पैसे रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेतच हवेत. तिथे ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो.

२) पेमेंट्स बँक आहे का? तिथे दिवसअखेर २ लाखांवर शिल्लक ठेवता येत नाही. ती पीककर्जही देत नाही.

३) मराठीत चालतं का? न समजता 'ओके' दाबायची वेळ येऊ नये.

४) पैसे अडकले तर फोन कोण उचलतो? ॲपमधला नंबर आजच लावून बघा. गुगलवर शोधलेला नंबर भामट्याचाही असू शकतो.

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच बँकेला आणि १९३० वर कळवा.

आणि हो, पीककर्ज-अनुदानाचं जुनं खातं बंद करू नका.