एका तासात पाचच चित्रं

डिसेंबर उजाडला की शाळेच्या फाटकासमोर पहाटे पाचला एसटी उभी दिसू लागते. पाठीवर सॅक, हातात आईनं कोंबून भरलेला धपाट्यांचा डबा, खिशात लिमलेटच्या गोळ्या, आणि गाडी लागणाऱ्यांसाठी बाईंच्या पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशव्या. गुरुजी दारात उभे राहून डोकी मोजतात. मागच्या लांब सीटवरून आत भांडण जुंपलेलं असतं. बाहेर कुडकुडत उभ्या असलेल्या पालकांपैकी निम्म्यांच्या मनात एकच वाक्य असतं: चला, दोन दिवसांचा अभ्यास बुडाला.

खरंच बुडतो का? हा हिशेब अमेरिकेत एकदा फार चोख तपासला गेला. नोव्हेंबर २०११ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या बेंटनविल गावात क्रिस्टल ब्रिजेस नावाचं कलासंग्रहालय उघडलं. शाळांचे अर्ज इतके आले की सगळ्यांना लगेच बोलावणं शक्यच नव्हतं. मग सोडत काढली. संशोधकांना तर ही पर्वणीच, कारण सारख्याच शाळा, एकीतली मुलं सहलीला जाऊन आलेली आणि दुसरीतली अजून रांगेत. १२३ शाळांमधल्या १०,९१२ विद्यार्थ्यांची पाहणी झाली.

तिथल्या एका जुन्या चित्रात मेपलच्या झाडाचा रस आटवून साखर करणारी माणसं आहेत. उसाची साखर गुलामांच्या घामावर निघत होती, म्हणून गुलामगिरीचे विरोधक ही पर्यायी साखर करत, असा त्या चित्रामागचा संदर्भ. सहलीनंतर काही आठवड्यांनी विचारलं, तेव्हा हे चित्र पाहिलेल्या ८८ टक्के मुलांना तो बरोबर सांगता आला. त्यावर ना परीक्षा होती, ना वही तपासली जाणार होती. पूर्वी न पाहिलेल्या एका चित्राविषयी लिहायला सांगितलं, तेव्हाही जाऊन आलेल्या मुलांचं निरीक्षण आणि तर्क न गेलेल्या मुलांपेक्षा सरस ठरले. पुढे अटलांटात काही शाळांनी मुलांना एकाच वर्षात चित्रसंग्रहालय, नाटक आणि वाद्यवृंद अशा तीन सहली घडवल्या. त्यांचे परीक्षेतले गुण घसरले नाहीत, उलट वाढले, आणि वर्गातल्या तक्रारी कमी झाल्या.

‘पोरांच्या लक्षात काय राहतं, तर अंताक्षरी आणि भेळ,’ असंही म्हटलं जातं. भेळ राहतेच, तिला कोण विसरणार! पण १९९७ मध्ये जॉन फॉक आणि लिन डिअरकिंग यांनी १२८ जणांना, म्हणजे काही शाळकरी मुलांना आणि काही मोठ्या माणसांना, प्राथमिक शाळेतल्या सहलींबद्दल विचारलं. ९६ टक्के लोकांना सहल आठवत होती, आणि बहुतेकांना तिथे शिकलेली एखादी तरी गोष्ट सांगता आली. चौथीतला एखादा साधा मंगळवार इतक्या वर्षांनी कुणाला आठवतो?

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज मात्र वेगळाच आहे, आणि तो पालकांचा तसाच शाळांचाही: जितकी ठिकाणं जास्त, तितकी सहल वसूल. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड, सगळं एका दिवसात. उतरा, रांगेत उभे राहा, फोटो, चला गाडीत. अशा सहलीत मुलं प्रामुख्यानं एसटीची खिडकी पाहतात. क्रिस्टल ब्रिजेसमध्ये तासाभराच्या फेरीत मुलांना साधारण पाचच चित्रं दाखवत. माहितीचं पाल्हाळ लावत नसत. चित्रासमोर उभं करून मुलांनाच बोलतं करत. ते ८८ टक्के अशाच पाच चित्रांच्या फेरीनंतरचे आहेत.

फॉक यांनीच १९७८ मध्ये दोन सहकाऱ्यांसह दाखवून दिलं होतं की, अगदी अनोळखी जागी नेलेलं मूल आधी ती जागाच न्याहाळत बसतं आणि ठरवलेला धडा बाजूला राहतो. उपाय साधा आहे. आदल्या दिवशी फळ्यावर नकाशा काढावा. गाडी कुठे थांबणार, चढ किती, जेवण कुठे, मुतारी कुठे, हे सगळं सांगून टाकावं. मुलांच्या डोक्यातले हे प्रश्न मिटले की नजर मोकळी होते.

मोकळ्या नजरेला काय दिसतं, हे पाहायला जुन्नरजवळचा नाणेघाट चांगला. कोकणातून देशावर येणारी ही दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापारी वाट. माथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा अशी समजूत. पण खरा खजिना गुहेतल्या भिंतींवर आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचा हिशेब कोरलेला आहे: गाई, घोडे, कार्षापण नाणी. त्यात २४,४०० ही संख्याही आहे, पण शून्याशिवाय, कारण दहा, शंभर, हजार यांना तेव्हा वेगवेगळी चिन्हं होती. सहावीतल्या मुलाला ‘मग आता तू २४,४०० शून्य न वापरता लिहून दाखव’ म्हटलं, की गणित आणि इतिहास हे दोन तास एकाच भिंतीपाशी भरतात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर अर्धा तास बोलणं झालं नाही, तर मात्र निम्मी सहल गाडीतच राहिली म्हणायची.

मोबाईलवर सगळं दिसतं, असं म्हणणाऱ्यांनी मुलांना नारायणगावजवळ खोडदला न्यावं. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, आणि त्यातली एकेक ४५ मीटर व्यासाची आहे. त्या तबकडीखाली मान वर करून उभं राहिल्याशिवाय ४५ मीटर म्हणजे किती, ते समजत नाही.

आता पैशांचं. सहल हे मोठ्या फीच्या शाळांचं काम, हा समज आकड्यांपुढे फार टिकत नाही. शालेय सहलींसाठी एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते. अजिंठा, वेरूळ, रायगड यांसारख्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. जपानमध्ये शालेय सहलीची प्रथा १८८६ पासूनची. तिथे अनेक शाळा पालकांकडून दरमहा थोडी रक्कम जमा करून घेतात, म्हणजे ऐनवेळी ओझं पडत नाही. आपल्या बचतगटांच्या राज्यात हे अवघड नसावं. शिवाय क्रिस्टल ब्रिजेसच्या पाहणीत सर्वांत मोठा फायदा खेड्यातल्या आणि गरीब वस्तीतल्या शाळांच्या मुलांना झाला. ज्यांचे आईवडील सुट्टीत कुठे नेऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी शाळेची सहल हीच काय ती सहल. पैशाअभावी नेमकं तेच मूल घरी राहत असेल, तर शाळेचं नियोजन चुकलं आहे.

अपघाताच्या भीतीला मात्र ‘गैरसमज’ म्हणून उडवून लावता येणार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयीन सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. ती तारीख कोणत्याही मुख्याध्यापकानं विसरू नये. चूक आहे ती यातून ‘सहलच नको’ असा निष्कर्ष काढणं. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांचं संमतिपत्र हे कागद हवेतच, पण पाण्याचं ज्ञान कागदावर येत नाही. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा. हा ठोकताळा फक्त अंदाजापुरता. पाण्याजवळ जाण्याआधी छापील वेळापत्रक पाहावं आणि गावातल्या कोळ्यांनाच विचारावं. पण भरती-ओहोटी रोज पाऊणएक तासानं पुढे का सरकते, हे वर्गात शिकून गेलेलं मूल समुद्राला बिचकून असतं, आणि बिचकून असणं तिथे चांगलं.

एरवी सरकारी धोरणही सहलीच्या बाजूनं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे, आणि अभ्याससहलींसाठी देशातली १०० ठिकाणं निवडण्याचं म्हटलं आहे.

तेव्हा यंदा संमतिपत्र घरी येईल, तेव्हा सही करण्याआधी शाळेला तीन प्रश्न जरूर विचारा. दिवसात किती ठिकाणं आहेत? आदल्या दिवशी वर्गात काय सांगणार आहात? आणि वर्गातलं कोणतं मूल पैशांमुळे येत नाहीये?