हातातली यंत्रं, भाग ९ : सेल बदलला की पुन्हा सुरू

गेल्या आठवड्यात आपण जून २०२५ मध्ये बाजारात आलेल्या निन्टेन्डो स्विच २ ची ओळख करून घेतली. त्यावरून पुढचा प्रश्न निघतोच, की २०१७ चा जुना स्विच आता ठेवायचा की काढून टाकायचा? तोक्योत किंवा न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर सुटतो. धाराशिवात तो तसा सुटत नाही, कारण निन्टेन्डोनं स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणलेलाच नाही. उमरग्यात, भूमला किंवा कळंबला एखाद्या घरात तो असलाच, तर पुण्या-मुंबईच्या आयात माल विकणाऱ्या दुकानातून किंवा परदेशातल्या नातलगाच्या बॅगेतून आलेला असणार. नव्या पिढीचं यंत्र आलं म्हणजे आपल्याकडे मुख्यतः एवढंच घडतं, की मागच्या पिढीचं यंत्र जरा आवाक्यात येतं. जे तिकडे उतरणीला लागलं, ते इकडे नुकतं घरात शिरतंय. म्हणून कालबाह्य हा शब्द वापरण्याआधी, यंत्र नेमकं कशानं मरतं ते तपासायला हवं. माझं म्हणणं असं, की वारसदार आला म्हणून थोरलं यंत्र जात नाही. ते जातं कंपनीच्या खुंट्याला बांधलेल्या दाव्यामुळे, म्हणजे तिच्या खात्यावर, सर्व्हरवर, ऑनलाइन दुकानावर विसंबल्यामुळे. खुंटा उखडला की यंत्र बसलं. दावं जितकं आखूड, तितकं आयुष्य कमी.

पुरावा म्हणून गेम बॉय घेऊ. एप्रिल १९८९ मध्ये तो आला तेव्हाच तो जुनाट दिसत होता. पडदा हिरवट, रंग नाहीत, मागून उजेड नाही. पुढच्याच वर्षी सेगानं रंगीत, उजळ पडद्याचा गेम गिअर आणला. पण त्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते चार-पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर त्याच्या दुपटीहून जास्त चालायचा. गेम बॉय घडवणारे निन्टेन्डोचे गुनपेई योकोई जे तत्त्व मांडत, त्यातल्या जपानी शब्दाचा सरळ अर्थ ‘सुकलेलं तंत्रज्ञान’ असा होतो. मराठीत मी त्याला ‘मुरलेलं’ म्हणेन, लोणच्यासारखं. स्वस्त झालेलं, खोडी माहीत असलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. पोकेमॉनचे पहिले खेळ १९९६ मध्ये आले, तेही सात वर्षं जुन्या झालेल्या याच करड्या डब्यावर. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकले गेले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

पुढच्या पिढ्यांतही तेच दिसतं. निन्टेन्डो थ्रीडीएस २०११ मध्ये आला, तरी पोकेमॉनचा नवा जोडखेळ २०१२ मध्ये मागच्या डीएसवरच निघाला. सोनीच्या पीएसपीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०११ अखेर आलेल्या त्याच्या वारसदाराला, व्हिटाला, पीएसपीच्या छोट्या तबकडीसाठी खाचच नव्हती, शिवाय त्याला सोनीचंच महाग मेमरी कार्ड लागायचं. ज्याच्याकडे तबकड्यांचा गठ्ठा होता, त्यानं पीएसपी कशासाठी सोडावा? आता थ्रीडीएस पाहा. मार्च २०२३ मध्ये त्याचं ऑनलाइन दुकान बंद झालं आणि एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळणंही. पण त्याच्या कॅसेटी आजही खाचेत सरकवल्या की चालतात. एकाच यंत्राचा दाव्याला बांधलेला भाग संपला आणि मोकळा भाग शाबूत राहिला, इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

यासाठी फार लांब जायला नको. तुळजापूरला अश्विन पौर्णिमेच्या यात्रेत परडी, कुंकू, कवड्यांच्या माळा यांच्या पलीकडे खेळण्यांची दुकानं लागतात, आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही जत्रेतल्या खेळण्यांत ब्रिक गेम हा ओळखीचा ऐवज. आडवे दहा, उभे वीस, असे दोनशे चौकोन आणि वरून पडणाऱ्या विटा. डब्यावर ९९९९ खेळ असल्याचं छापलेलं असतं. खेळ खरे डझनभर; वेग आणि पातळी बदलून आकडा फुगवलेला. त्यातला मुख्य खेळ, टेट्रिस, १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी रचला. या यंत्राला ना खातं लागतं, ना नेट, ना अपडेट. सेल बदलला की पुन्हा सुरू. त्याच्याच शेजारचा भाऊ म्हणजे ‘सप’ नावाचा, चारशे खेळांचा रंगीत डबा. त्यातले बरेच खेळ १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राच्या काळातले (परवानगी न घेता भरलेले, हेही सांगायला हवं), आणि मागचं झाकण उघडलं की आत सहसा बीएल-५सी जातीची बॅटरी निघते. मूळची नोकियाच्या साध्या फोनसाठीची ही बॅटरी पुढे रेडिओत, स्पीकरमध्ये, कशाकशात जाऊन बसली. यंत्राचा कर्ता कोण हे ठाऊक नसलं तरी त्याचं अन्न तालुक्याच्या मोबाइल दुकानात टांगलेलं असतं. योकोईंचं तत्त्व असं न शिकवता आपल्या जत्रेत पोचलं.

यावर मोठा आक्षेप येईल तो मोबाइलचा. २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर खिशातला फोन हेच खेळयंत्र झालं, मग या जुन्या डब्यांचा हिशेब कशाला? आक्षेप वजनदार आहे. संख्येत फोनपुढे कुणीच टिकणार नाही. पण दाव्याची कसोटी लावा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता, आणि ३० ऑक्टोबरला त्याची भारतातली सेवाही थांबली. २०२१ मध्ये तो खेळ बीजीएमआय या नावानं परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. बंदी योग्य की अयोग्य, हा इथला विषय नाही. फोन तोच, हात तेच, खेळ मात्र दिल्लीतल्या आदेशाबरोबर येत-जात राहिला. ब्रिक गेमला असा आदेश लागू करायचा म्हटलं तर घरोघर फिरावं लागेल.

दुसरा आक्षेप म्हणजे ही सगळी आठवणींची माया आहे. माया असेलही, पण जत्रेत ब्रिक गेम मागणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला १९८९ ची कसली आठवण? तिसरा आक्षेप मला जास्त टोचतो: जुनं यंत्र दाव्यानं नाही तरी वयानं मरतंच. खरं आहे. गेम बॉयच्या अनेक कॅसेटींत खेळाची नोंद जपणारा बटण सेल असतो. तो संपला की नोंद पुसली जाते. पण सोल्डरिंग येणारा कुठलाही मोबाइल दुरुस्तीवाला तो सेल बदलू शकतो. जुन्या स्विचचं असं सोपं नाही. त्याची बॅटरी आत चिकटवलेली, वरून तीन पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू, ज्यांचा पाना नेहमीच्या संचात नसतो. म्हणजे वयाचा प्रश्नही अखेर दुरुस्ती कुणाच्या हातात आहे, यावर येऊन थांबतो.

आता मूळ प्रश्न. स्विच २ वर जुन्या स्विचचे बहुतेक खेळ चालतात, म्हणजे वारसदारानं थोरल्याचं घर सांभाळलं आहे. तरी ज्याच्याकडे जुना स्विच आणि पाच-सात कार्डं आहेत, त्यानं तो काढू नये. ज्याला सेकंडहँड घ्यायचा आहे, त्यानं डाउनलोड केलेल्या खेळांची यादी पाहून भुलू नये. ते खेळ आधीच्या मालकाच्या खात्याला बांधलेले असतात. कार्डं किती मिळतात ते मोजावं. त्यातही काही कार्डांवर खेळाचा निम्माच भाग असतो, उरलेला नेटवरून उतरवावा लागतो. स्विच २ च्या काही कार्डांची तर आणखी गंमत आहे. त्यांना ‘गेम-की कार्ड’ म्हणतात. त्यात खेळ नसतोच, फक्त किल्ली असते. कार्ड खाचेत घालून पूर्ण खेळ कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवायचा, आणि पुढेही खेळताना कार्ड खाचेत ठेवायचं. वेष्टनाच्या दर्शनी बाजूला खालच्या पट्टीत तशी सूचना असते. पुढच्या आठवड्यात ही पट्टी वाचायची कशी, ते पाहू.