दिवाळीची नानकटाई: घरातल्या सगळ्यांना एकाच डब्यातली

दिवाळी जवळ आली, की आपल्याकडे दोन कामं ठरलेली असतात. एक चकलीची भाजणी दळून आणणं आणि दुसरं बाजारच्या बेकरीत नंबर लावणं. मैदा, तूप आणि पिठीसाखर घेऊन जायचं, आपल्यासमोर नानकटाई भाजून घ्यायची आणि पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा. मुलांना दिवाळीची सुट्टी असते, त्यामुळे डबा चार दिवसांत रिकामाही होतो.

पण आता बऱ्याच घरांत या डब्यापाशी एक अडचण उभी राहते. सासऱ्यांना साखरेचा आजार आहे, आईची गोळी चालू आहे, जाऊबाईंना बाळंतपणात साखर निघाली होती. सगळे फराळाला बसतात आणि त्यांच्यापुढे मुरमुऱ्यांची वाटी सरकवली जाते. मग म्हातारं माणूस दुपारी सगळे झोपले, की गुपचूप डबा उघडतं. आणि आजार घरातल्या बाईलाच असला, तर तिच्यासाठी वेगळं कोण करतं? ती उरलेलं, तुटलेलं खाऊन घेते आणि कुणाला सांगतही नाही.

ही दोन-चार घरांची गोष्ट नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. शहरात तो जास्त आहे, पण खेड्यांतही शंभर मोठ्या माणसांमागे साधारण नऊ जणांना आहे. म्हणून आम्ही आज अशी नानकटाई सांगणार आहोत, जिच्यात पीठ आणि साखर दोन्ही कमी आहेत, जी घरच्या कढईत भाजता येते आणि जी घरातल्या सगळ्यांनी एकाच डब्यातून खायची आहे.

साखर फक्त साखरेत नसते

आधी एक गोष्ट समजून घेऊ. धान्यातला जो भाग पोटात गेल्यावर पचून साखर होतो आणि रक्तात उतरतो, त्याला कर्बोदकं म्हणतात. मैदा तोंडाला गोड लागत नाही, पण १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे नुसती साखर काढून मैद्याची बिस्किटं केली, तरी रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच.

इथे आपल्याकडे दोन समज फार पक्के आहेत. पहिला, 'गूळ चालतो'. गूळ चवीला चांगला, पण १०० ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. रक्ताला गूळ आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही. मध आणि खजूर यांचंही तेच. दुसरा समज, 'नाचणीची बिस्किटं कितीही खाल्ली तरी चालतात'. नाचणी गुणाची आहेच, तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं, कोंड्यामुळे ती मैद्यापेक्षा सावकाश पचते. पण तिच्यात कर्बोदकं जवळजवळ गव्हाइतकीच असतात, १०० ग्रॅमला ६५ ते ७०. त्यामुळे नाचणीचं बिस्कीटही मोजूनच खायला हवं.

मग कमी कर्बोदकांचं काय? ते आपल्याच घरात आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यात १६-१७ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यातही बराचसा चोथा, जो रक्तात साखर म्हणून उतरत नाही. शिवाय २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. तीळ आणि सुकं खोबरं यांत २५ ग्रॅमच्या आतच कर्बोदकं असतात, त्यातला निम्मा किंवा जास्त भाग चोथा. जवसात तर जवळजवळ सगळा चोथाच. मैद्याची जागा या चौघांनी घेतली, की काम झालं. थोडं बेसन लागतं ते फक्त गोळा धरून ठेवायला.

काय काय लागेल

हे प्रमाण ३० नानकटायांचं आहे. घरी काटा नसला, तर किराणा दुकानातून मोजूनच आणा, कारण इथे अंदाज चालत नाही.

भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचं कूट २०० ग्रॅम. भाजलेले तीळ ५० ग्रॅम. सुकं खोबरं किसून, किंचित भाजून ५० ग्रॅम. बेसन ५० ग्रॅम, तेही कोरडं भाजून. पिठीसाखर ५० ग्रॅम. तूप ४० ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे. भाजलेल्या जवसाची पूड दोन मोठे चमचे. बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ.

शेंगदाणे निवडताना घाई करू नका. बुरशी आलेला, काळपट, सुरकुतलेला किंवा कडू दाणा बाजूला काढा. शेंगदाण्यावरच्या एका बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि ते भाजल्यानं पुरतं जात नाही. असे दाणे जनावरांच्या खाद्यातही टाकू नका.

सगळ्या घरानं मिळून करायचं

हे काम एकट्या बाईनं रात्री अकरा वाजता उरकायचं नाही. सुट्टीत दुपारी सगळे घरी असताना काढायचं.

भाजण्याचं काम आजींकडे द्या. तीळ तडतडले की उतरवायचे, बेसनाचा खमंग वास सुटला की थांबायचं, हे त्यांच्या नाकाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. कूट करणं घरातल्या पुरुषांना सांगा. दाणे पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये घालायचे आणि थांबून थांबून फिरवायचे. सलग फिरवलं, की दाण्याला तेल सुटतं, लगदा होतो आणि मग नानकटाई पसरते.

जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. ती बुळबुळीत होते, तेच आपलं चिकटवणं. अंड्याची गरज नाही. परातीत तूप आणि पिठीसाखर हातानं फेसून घ्या, त्यात जवस घाला, मग बाकीचं सगळं कोरडं साहित्य. हलक्या हातानं एकत्र करा. गोळा वळून फुटत असेल, तर चमचाभर दूध शिंपडा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही.

पुढचं काम मुलांचं. पिठाचे तीन सारखे भाग करायचे आणि प्रत्येक भागाचे दहा गोळे. म्हणजे बरोबर ३०. गोळा मोठ्या सुपारीएवढा, वरून अंगठ्यानं हलका दाबलेला. वर एक काजूचा तुकडा किंवा चारोळी लावायची. ही मोजणी नुसता खेळ नाही, ती का महत्त्वाची आहे ते पुढे सांगतो.

कढईतली भट्टी

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाड बुडाच्या, खोलगट कढईत बोटभर जाडीचं मीठ किंवा चाळून धुतलेली कोरडी वाळू पसरा. त्यावर एक स्टँड किंवा उलटी वाटी ठेवा. घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग तूप लावलेल्या ताटलीत सात-आठ नानकटाया, मध्ये बोटभर अंतर सोडून ठेवा, ताटली स्टँडवर ठेवून झाकण लावा आणि आच मंद करा. पहिल्या ताटलीला साधारण २० मिनिटं लागतात. पुढच्या लवकर होतात, कारण कढई तापलेली असते. १५ मिनिटांनी एकदा बघा. शेंगदाणा मैद्यापेक्षा लवकर करपतो.

कडा बदामी दिसल्या की झालं. गरम असताना ती हाताला मऊ लागेल, म्हणून कच्ची समजून परत ठेवू नका. ताटलीतच गार होऊ द्या, गार झाल्यावर ती खुसखुशीत होते. मीठ वेगळ्या बरणीत भरून ठेवा, ते पुन्हा याच कामाला येतं, स्वयंपाकात वापरू नका. नॉनस्टिकची कढई मात्र या कामाला घेऊ नका. कढई तापलेली असताना मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

हवाबंद डब्यात ती दहा-बारा दिवस चांगली राहते. त्यापुढे शेंगदाण्याला खवट वास येऊ लागतो, म्हणून एकदम मोठा घाणा करू नका.

हिशेब: किती खायची

आता मोजणीकडे येऊ. मैदा २५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम आणि तूप १५० ग्रॅम घेऊन ३० नानकटाया केल्या, तर एकीत ११ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. आपल्या शेंगदाण्याच्या नानकटाईत चोथा धरूनही पाचच ग्रॅम येतात. म्हणजे निम्म्याहून कमी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम असतात, हे शेजारी ठेवलं की अंदाज येतो.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. शेंगदाणा, खोबरं आणि तूप यांत स्निग्धांश भरपूर असतो. त्यामुळे एका नानकटाईतून मिळणारे उष्मांक ८५ ते ९० च्या घरात जातात, जवळजवळ मैद्याच्या नानकटाईइतकेच. साखर कमी वाढते, पण वजन वाढणार नाही असं नाही. म्हणून साखरेच्या आजारात एका वेळी दोन, त्याही बिनसाखरेच्या चहाबरोबर आणि दुसऱ्या फराळाच्या ऐवजी. जेवणावर वरून नाही. घरी साखर तपासायचं यंत्र असेल, तर खाण्याआधी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी बघा. आपल्या माणसाला किती चालतं ते आकडाच सांगेल.

हे विसरू नका

या नानकटाईच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करायचं नाही. उलट औषध घेऊन जेवण टाळलं, तर साखर एकदम उतरते. दिवाळीच्या धावपळीत बायकांचं हे हमखास होतं. घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधडणं, भोवळ येणं, ही त्याची लक्षणं. अशा वेळी ही नानकटाई देऊ नका. तिच्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या, १५ मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर जेवायला घाला. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी शेंगदाणा, तीळ आणि खोबरं किती खायचं ते डॉक्टरांना विचारावं. शेंगदाण्यानं अंगावर पित्त उठत असेल किंवा ओठ सुजत असतील, तर ही नानकटाई त्यांच्यासाठी नाही. आणि ज्यांनी अजून तपासलंच नाही, त्यांनी तिशी ओलांडली असेल तर आशाताईंना विचारून उपकेंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.

फराळ विकणाऱ्या गटांना एक सांगणं. ही नानकटाई बाजारात चालेल, विचारणाही होईल. अन्न परवान्याची नोंदणी तर लागतेच. पण पाकिटावर 'शुगर फ्री' किंवा 'मधुमेह बरा करणारी' असं काही लिहू नका. तिच्यात साखर आहे आणि कुठलंही बिस्कीट मधुमेह बरा करत नाही. साहित्य, वजन आणि केल्याची तारीख लिहा, शेंगदाणा आणि तीळ आहेत हे ठळक लिहा. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याचा आपल्यावरचा विश्वास हाच आपला खरा धंदा आहे.

वसईकडच्या आणि गोव्याकडच्या आपल्या बहिणी नाताळात नेवऱ्या आणि कुलकुल करतात. त्यांच्या ताटातही ही नानकटाई सहज बसेल.

शेवटी एकच. 'हा डबा साखरवाल्यांचा' असं त्यावर लिहू नका. वेगळा डबा केला, की माणूस वेगळं पडतं आणि मग तो डबा टाळून दुसरा उघडतं. डबा एकच ठेवा, दोन-दोन नानकटाया सगळ्यांच्या बशीत पडू द्या. नातवानं मोजायच्या, आजोबांनी खायच्या आणि घरच्या बाईनंही त्यांच्यासोबतच, त्याच वेळी बसून खायच्या.

दिवाळी गोड होवो, बेताची गोड.