पहाटेची गाडी आणि गप्प बसलेला पंखा



तोड आटोपली, पहिला हप्ता जमा झाला, की आपल्यापैकी पुष्कळ मंडळी दोन दिवसांची सवड काढून कोकणात उतरतात. असेच आपले एक सभासद थंडीच्या दिवसांत कुटुंबासह किहीमला गेले होते. अलिबागच्या उत्तरेचे हे समुद्राकाठचे गाव नारळ-सुरूंच्या सावलीचे. पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला तो इथेच. गाडी पुतण्याची, नवी. तिच्यात आपोआप चालणारे हवामान-नियंत्रण होते. म्हणजे असे, की 'ऑटो' बटण दाबायचे, किती अंश हवे तो आकडा लावायचा, पुढचे सारे गाडीने पाहायचे.

ही गाडी लागोपाठ दोन पहाटे दोन तऱ्हांनी वागली. पहिल्या पहाटे किहीमला, दुसऱ्या पहाटे घाटावर आपल्या गावी. दुसऱ्या पहाटे जरा गफलत झाली असती तर मोठाच अनर्थ ओढवला असता. म्हणून हा विषय सर्वांनी समजून घ्यावा.

किहीमच्या पहाटे हवा अठरा-वीस अंशांची, पण दमट. आदल्या दिवशीच्या उकाड्यात लावलेला २० चा आकडा तसाच होता. गाडी सुरू होताच पंखा हळू आवाजात लागला. पुढची काच मात्र धुरकटली. पुतण्याने आतून पुसली, काही फरक नाही. काकांनी सांगितले, "अरे, दव बाहेरून आहे, वायपर मार." वायपर फिरताच काच लख्ख झाली. मंडळी पेण, खोपोली करीत घाट चढून रात्री घरी पोचली.

दुसऱ्या पहाटे चुलत्या-पुतण्यांना तालुक्याला जायचे होते, बरोबर आणखी तिघे. पारा आठ अंशांवर. आकडा लावला २४. गाडी सुरू झाली, पण पंखा गप्प!

"काका, पंखा मेला वाटतं," पुतण्या म्हणाला. त्याने आकडा पार वरच्या टोकाला नेला आणि बाहेरचा गार वारा नको म्हणून आतलीच हवा फिरविण्याचे बटण दाबले. पाच माणसांच्या श्वासाने दोन मिनिटांत काच आतून पांढरी झाली. तळहाताने पुसून केलेल्या वीतभर भोकातून पाहत तो गाडी हाकू लागला. फाट्यावर उसाची ट्रॉली पुढे होती, मागे तांबडा दिवा नाही, चमकती पट्टी नाही. काका ओरडले म्हणून ब्रेक वेळेवर लागला. चार हात अंतर राहिले.

आता मुळात पंखा का गप्प होता? तो मेला नव्हता, वाट पाहत होता.

आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. हंगामाच्या आरंभी आपण अगोदर बॉयलरचे अग्निप्रदीपन करतो, आणि मोळी नंतर टाकतो. वाफेचा दाब चढल्याशिवाय गव्हाणीत ऊस टाकून काय उपयोग? गाडीच्या हीटरचेही तसेच आहे. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यातून कूलंटचे पाणी फिरत असते. ते तापले की त्यातले काही डॅशबोर्डमागच्या एका लहान जाळीतून जाते. ही जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच. पंखा तिच्यावरून हवा ढकलतो आणि ती ऊबदार होऊन आत येते. पहाटे आठ अंशांत उभ्या राहिलेल्या गाडीतले पाणीही आठ अंशांचेच असते. त्या वेळी पंखा जोरात लावला तर अंगावर बर्फासारखा वारा येईल. म्हणून नियंत्रण-यंत्र पंखा बंद किंवा अगदी मंद ठेवते, आणि पाणी तापत जाईल तसतसा तो वाढविते. किती अंशांवर वाढवायचा हे गाडीगणिक थोडे वेगळे असते.

हे यंत्र पाहते तरी काय काय? बाहेरच्या हवेचे तापमान, आतल्या हवेचे तापमान, कूलंटचे तापमान, एसीच्या कूलिंग कॉइलचे तापमान, आणि बहुतेक गाड्यांत काचेजवळ बसविलेल्या डोळ्याने उन्हाची तिरीप. या साऱ्यांचा मेळ घालून ते गार आणि ऊन हवेचे मिश्रण करणारी झडप फिरविते व पंख्याची गती ठरविते. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेच्या कॅडिलॅक मोटारीत अशी आपोआप चालणारी सोय १९६४ सालच्या मॉडेलपासून आली. पुढे संगणकाचे भाग स्वस्त झाले आणि ती साध्या मोटारींपर्यंत उतरली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आकडा २४ वरून टोकाला नेला म्हणजे ऊब लवकर येते, असे नाही. आकडा म्हणजे कुठे थांबायचे ते ठिकाण. तिथे पोचण्याचा वेग पाणी किती लवकर तापते त्यावर आहे. उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू ठेवले तर पाणी सावकाश तापते. सौम्य वेगाने चालविली तर लवकर तापते. डिझेलचे इंजिन इंधनाची उष्णता कमी वाया घालविते, म्हणून त्याचे पाणी तापायला जास्त वेळ लागतो.

मग पाच-सात किलोमीटर गेल्यावरही कोमट वाराच येत असेल तर? तेव्हा थर्मोस्टॅट तपासावा. इंजिन तापेपर्यंत पाणी मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते. ती उघडीच अडकली, किंवा "आपल्याकडच्या उन्हाळ्यात कशाला पाहिजे" म्हणून कुणी मिस्त्रीने काढूनच टाकली, तर इंजिन नीट तापत नाही, हीटर चालत नाही, शिवाय डिझेल जास्त जाते आणि इंजिनाची झीज होते. तसेच कूलंटऐवजी बोअरचे क्षाराचे पाणी घातले तर हीटरची बारीक जाळी चोंदते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पंखा वाट पाहतो ते तुमच्या अंगाला गार लागू नये म्हणून. पण काच धूसर झाली आहे हे त्याला कोण सांगणार? काही महागड्या गाड्यांत काचेवरचा दमटपणा ओळखणारा डोळा असतो, पुष्कळ गाड्यांत तो नसतो. यंत्र लक्ष ठेवते ते उष्णतेवर. काचेवर लक्ष चालकानेच ठेवायचे.

काच धूसर होते ती दोन प्रकारे. थंड पाण्याचा तांब्या भरून ठेवला की बाहेरून घाम धरतो, तसेच हे. जिकडे दमट हवा तिकडे पाणी धरते. किहीमला बाहेरची हवा दमट होती, काच गार होती, म्हणून दव बाहेर. अशा वेळी वायपर मारावा आणि एसीचा गार झोत काचेवर येऊ देऊ नये. घाटावर उलट. बाहेरची हवा गार व त्या मानाने कोरडी, आत पाच माणसांचा श्वास, म्हणून पाणी आतून. पुतण्याने आतलीच हवा फिरवत ठेवली, त्यामुळे श्वासाचा दमटपणा आतच कोंडला.

आतून धूसर झालेल्या काचेला पुढच्या काचेचे खास बटण असते, पंख्यासारखी कमान आणि वर जाणारे बाण असलेले. ते दाबले की बाहेरची हवा येते, पंखा जोरात काचेवर लागतो आणि बहुतेक गाड्यांत एसीही चालू होतो. "थंडीत एसी कशाला?" असे पुष्कळजण विचारतात. एसी हवेतले पाणी काढून घेतो, आणि कोरडी हवा काच साफ करते. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून बाहेर अगदी दोन-चार अंश असताना कॉम्प्रेसर थांबतो, पण निफाड-महाबळेश्वरकडच्या मोजक्या पहाटा सोडल्या तर आपल्याकडे तशी वेळ क्वचितच येते. पाणी तापले की मग ऊन आणि कोरडी हवा मिळून काम पुरे करतात.

तेव्हा चालकांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१. पहाटे निघण्यापूर्वी आतली-बाहेरची काच कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावी. तळहाताने पुसू नये, तेलकट डाग राहतात आणि समोरून दिवा आला की ते चकाकतात.

२. थंडीत हवा बाहेरची घ्यावी. काच धूसर होताच पुढच्या काचेचे बटण दाबावे, खिडकी बोटभर उघडावी. अंगाला दोन मिनिटे गार लागले तरी चालेल.

३. काच पूर्ण साफ झाल्याशिवाय चाक हलवू नये.

४. ऊब यावी म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, झोपेतच माणूस जातो. कारखान्याच्या आवारात रात्री नंबर लावून थांबणाऱ्या चालकांनीही काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपू नये.

आणि एक मागणे ट्रॉली-बैलगाडीवाल्या बांधवांकडे. मागे तांबडी चमकती पट्टी अवश्य लावा. समोरच्याची काच साफ असली तरी अंधारात तुमची गाडी त्याला दिसली पाहिजे. त्या पहाटे पुतण्याची काच धूसर होती आणि ट्रॉलीला पट्टी नव्हती. दोघांचेही थोडे चुकले होते. मध्ये फक्त चार हात अंतर आणि एका म्हाताऱ्या माणसाची आरोळी होती. प्रत्येक वेळी असा ओरडणारा काका शेजारी असेलच असे नाही.