तात्पुरत्या कॅपची खरी ताकद

मे-जूनमध्ये वादळी वारं सुटलं की रावेरच्या केळीबागांत जीव टांगणीला लागतो. घडाच्या भाराने वाकलेल्या केळीला बांबूचा टेकू द्यायचा, तर तो थोडा लवून ताण सोसणारा हवा, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. दातावरच्या तात्पुरत्या कॅपलाही नेमका हाच गुण लागतो.

रूट कॅनल झालं, दात घासून लहान केला, की कायमची कॅप लॅबमधून येईपर्यंत डॉक्टर खुर्चीशेजारीच एक कॅप करून देतात. जुनी रीत ॲक्रिलिकची. छोट्या वाटीत पांढरी पूड, वर उग्र वासाचं द्रव. ढवळलं की आधी ओल्या वाळूसारखं, मग तार सुटणारं, मग मळलेल्या कणकेसारखं. घट्ट होताना हा गोळा तापतो आणि आकसतोही. रूट कॅनल न करताच कॅप बसवायची असेल, म्हणजे नस जिवंत असेल, तर हे तापणं गंभीर. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगात नसेचं तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढलं, तेव्हा सुमारे १५ टक्के दातांची नस मेली होती. म्हणून डॉक्टर पाणी मारत राहतात, कॅप काढ-घाल करतात.

दुसरा पदार्थ बिस-ॲक्रिल. तो दुहेरी नळीच्या पिचकारीतून येतो, त्यात काचेसारखी बारीक पूड असते. तो कमी तापतो, कमी आकसतो.

ताकद मोजायची रीत साधी आहे. २५ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच जाड पट्टी, म्हणजे काडेपेटीतल्या काडीचा तुकडाच म्हणा. ती २० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध दाबायची. ॲक्रिलिकची पट्टी दोनेक किलो भाराला मोडते; बिस-ॲक्रिलची बहुतेकदा त्याहून थोड्या जास्त. कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन पक्क्या केलेल्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्यातून मशीनने कोरलेली कॅप साध्या ॲक्रिलिकपेक्षा सरस ठरते, कारण तिच्यात हवेचे बुडबुडे कमी.

पण नुसत्या आकड्याने निवड करू नये. बिस-ॲक्रिल कडक असलं तरी ठिसूळ आहे, एकदम तडकतं. ॲक्रिलिक तुटलं तर त्याच पुडीने आणि द्रवाने तिथल्या तिथे सांधता येतं. शिवाय जाडी निम्मी केली तर सोसवणारा भार चौथाईवर येतो, आणि मधला दात नसलेल्या ब्रिजची लांबी दुप्पट झाली तर वाकणं आठपट होतं. त्यामुळे एका दाढेवर पंधरा दिवसांसाठी साधं ॲक्रिलिक पुरेसं आहे. तीन-चार दातांचा ब्रिज काही महिने टिकवायचा असेल तर मशीनवर कोरलेला घ्यावा, असं माझं मत.

ही कॅप चिकटवणारं सिमेंट मुद्दामच कमजोर असतं, म्हणजे नंतर ती सहज निघावी. त्यातल्या काहींत लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं. घरात दाढ दुखली की आपण धरतो तीच लवंग. मात्र पुढे रेझिनच्या सिमेंटने कायमची कॅप बसवायची असेल तर युजेनॉल टाळतात, कारण ते रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.

हेच कमजोर सिमेंट दिवसागणिक लाळेत झिजतं, फट पडते आणि आत कीड शिरते. दुखणं थांबलं म्हणून तात्पुरत्या कॅपवर वर्ष काढू नका. केळीचे कडक वेफर्स तोवर दुसऱ्या बाजूने खा, आणि दिलेल्या तारखेला कायमची कॅप बसवून घ्या.