बदलीचे बिऱ्हाड आणि प्रवासभत्ता

ग्वाल्हेर-लष्करच्या आपल्या मराठी वस्तीत ज्या घरातून कोणी महालेखाकारांच्या कचेरीत, टपालखात्यात किंवा अशाच एखाद्या केंद्रीय खात्यात गेला नाही, अशी घरे फारशी आढळणार नाहीत. सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच. बदलीचा हुकूम येताच घरात भांडी पोत्यांत बांधली जातात, मुलांचे शाळेचे दाखले काढले जातात, उसनवारी फेडली जाते. परंतु या साऱ्या खटाटोपाचा खर्च सरकार कोणत्या हिशेबाने देते, हे शांतपणे वाचण्यास कोणास वेळ नसतो. बिलांच्या टेबलावर बरीच वर्षे काढल्यामुळे या अज्ञानाची किंमत मी पुष्कळ पाहिली आहे. म्हणून हा लेख. तो केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांपुरताच आहे. राज्य सरकारांचे नियम ज्याचे त्याचे निराळे, व रेल्वेचा कारभार तर अगदीच स्वतंत्र.

या नियमांचे मूळ १९२२ सालच्या मूलभूत व पूरक नियमांत आहे. सध्याचे दर मात्र सातव्या वेतन आयोगानंतर अर्थमंत्रालयाने १३ जुलै २०१७ रोजी काढलेल्या हुकुमाचे आहेत.

सर्वांत आधी पाहावयाचे ते बदलीच्या हुकुमातील शब्द. बदली सार्वजनिक हितार्थ असेल तर भत्ता मिळतो. स्वतःच्या विनंतीवरून असेल तर काही मिळत नाही, आणि रुजू होण्यासाठी मिळणारी सवलतीची मुदतही मिळत नाही. आपल्याकडील मंडळी वृद्ध आईवडिलांसाठी ग्वाल्हेरला परत येण्याचा अर्ज करतात, ते योग्यच आहे. पण त्या अर्जाबरोबर आपण सामानाचे भाडेही सोडून देत आहोत, हे त्यांना ठाऊक असावे. कधी असेही घडते की बदली कचेरीने आधीच ठरविलेली असते, नोकराने फक्त गावाची पसंती कळविलेली असते, आणि हुकुमात मात्र ‘विनंतीवरून’ असे पडते. असे झाल्यास जुन्या जागेचा कार्यभार सोडण्यापूर्वीच लेखी विचारणा करावी. नव्या गावी पोहोचून, बिल परत आल्यावर विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकून घेणारा मात्र भेटत नाही.

आता रकमेकडे वळू. दोन ठिकाणांत २० किलोमीटरांहून अधिक अंतर असेल तर शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके एकत्रित बदली-अनुदान मिळते. बांधाबांध, हमाली, स्टेशनापर्यंतचा टांगा, असे सारे किरकोळ खर्च त्यातच आले. मूळ वेतन ३५,४०० रुपये असेल तर अनुदान २८,३२० रुपये होते. अंतर २० किलोमीटरांच्या आत असेल आणि राहते घर खरोखर बदलावे लागले असेल, तर याचा एकतृतीयांश. पतिपत्नी दोघेही सरकारी नोकरीत असून ६० दिवसांच्या आत दोघांची बदली झाली, तर नंतर बदललेल्यास हे अनुदान नाही. ६० दिवसांनंतर पण सहा महिन्यांच्या आत झाली तर निम्मे.

सामानाचा खर्च याहून वेगळा. सहाव्या वेतनस्तरापासून वर ६,००० किलो, पाचव्या स्तरास ३,००० किलो व चौथ्यापर्यंत १,५०० किलो सामान रेल्वेने नेता येते. रस्त्याने नेल्यास २०१७ च्या हुकुमाप्रमाणे मर्यादा अनुक्रमे दर किलोमीटरला ५०, २५ व १५ रुपये. म्हणजे ८०० किलोमीटरांच्या बदलीत वरच्या वर्गास ४०,००० रुपयांपर्यंत व खालच्यास १२,००० रुपयांपर्यंत. शिपायाचा ट्रक साहेबाच्या ट्रकपेक्षा स्वस्त भाड्याने धावतो, असे मला तरी कधी आढळले नाही, असो. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढावेत, असे त्याच हुकुमात आहे. महागाई भत्ता १ जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांस पोहोचला. तेव्हा त्यानंतरच्या बदलीचे बिल जुन्याच दराने मांडले गेले नाही ना, हे पाहून घ्यावे. सामानाच्या खर्चास पावती हवीच.

कुटुंबाने नोकराबरोबरच निघाले पाहिजे असे नाही. एक महिना आधी किंवा सहा महिने नंतरपर्यंत गेले तरी ते बरोबर गेले असे धरतात. नोव्हेंबरात बदली झाली तर मुलांची वार्षिक परीक्षा उरकून बिऱ्हाड हलविता येते. ऑगस्टात झाली तर मुदत परीक्षेआधीच संपते. विशेष कारण असल्यास वरिष्ठांना ही मुदत वाढविता येते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

स्वतः रुजू होण्यास १,००० किलोमीटरांपर्यंत १० दिवस, २,००० पर्यंत १२ व त्यापुढे १५ दिवस मिळतात. न वापरलेले दिवस अर्जित रजेच्या खाती जमा होतात, हे अनेकांस माहीत नसते.

बिल देण्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती. मार्च २०१८ पासून ती प्रवास संपल्यापासून ६० दिवसांवर आणली गेली. जुन्या मंडळींच्या सल्ल्यावर विसंबून ‘वर्ष पडले आहे’ म्हणत बसलेल्या काही तरुणांची बिले माझ्या डोळ्यांदेखत बुडाली. निवृत्तांना मात्र जून २०२१ पासून १८० दिवस मिळतात.

निवृत्तांसाठी आणखी एक चांगली गोष्ट झाली. सरकारी क्वार्टर सोडून त्याच गावातील स्वतःच्या घरी जाणाऱ्यास पूर्वी अनुदानाचा एकतृतीयांशच मिळे. ६ जानेवारी २०२२ च्या हुकुमाने २० किलोमीटरांची अट गेली. आता घर खरोखर बदलल्याचे स्वतःचे लेखी निवेदन दिले की पूर्ण अनुदान मिळते.

शेवटची बाब सांगणे जड जाते. नोकर सेवेत असताना वारला, तर त्याच्या कुटुंबास शेवटच्या नोकरीच्या गावाहून घरी परतण्याचे भाडे व सामानाचा खर्च बदलीप्रमाणेच मिळतो, आणि त्यासाठी आगाऊ रक्कमही मागता येते. प्रवास मृत्यूपासून एक वर्षाच्या आत व्हावा लागतो. काही वर्षांपूर्वी लष्करातील एक बाई अशाच परगावाहून दोन मुलांसह माहेरी आल्या. बांगड्या गहाण ठेवून भावाने ट्रक केला होता. तेथील कचेरीतून माणसे भेटून गेली, हार घालून गेली. या भत्त्याबद्दल कोणी बोलले नाही. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा बिलाची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मी त्यांच्या वतीने विलंब माफ करण्याचा अर्ज लिहून दिला, तो नामंजूर झाला. ट्रकची पावती त्यांनी पोथीत जपून ठेवली होती. गाडीचा क्रमांक, वजन, अंतर, सर्व काही तीवर नीट लिहिलेले होते.