पेल्यांची किणकिण ऐकू येणारं रेकॉर्डिंग

जॅझमधलं लाडकं लाइव्ह रेकॉर्डिंग कोणतं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: २५ जून १९६१, न्यूयॉर्कचा 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लब. रविवारी दुपार-रात्र मिळून पाच सेट. पियानोवर बिल इव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन, डबल बासवर स्कॉट लाफारो. हा लाफारो नुसता मागे ठेका धरून राहत नाही; पियानोशी बरोबरीनं बोलतो, कधी त्याच्या आधी पुढे सरकतो. या मैफलीनंतर ११ दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. वय अवघं २५!

याच मैफलीतलं 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हेडफोन लावून ऐका. श्रोत्यांची कुजबुज, पेल्यांची किणकिणही ऐकू येते. ती पुसलेली मला मुळीच चालणार नाही. तुमचं लाडकं कोणतं?